गेल्या सालची पावती

"बबनभाऊ, लागलं का वं साल?"

भिवराबाईनं खिडकीबाहेरून पाचव्यांदा विचारलं. दुष्काळातल्या चारा छावणीच्या पत्र्याच्या खोलीत गावच्या सोसायटीचे सचिव बबनराव कॉम्प्युटरपुढं घामानं निथळत बसले होते. कॉम्प्युटरच्या घड्याळाचा सेल मेलेला. लाईट गेली की तो थेट २००२ सालात जाऊन बसायचा, आणि त्या साली छावणी नव्हती म्हणून एकाही जनावराची नोंद घ्यायचा नाही. नवी जनावरं घ्यायचा आज शेवटचा दिवस. पाचला यादी बंद. पावती नाही तर चारा नाही.

नवा सेल आणायला मोबाईल दुरुस्तीवाला जमील उमापूरला गेला होता. भिवराबाईची गाय बाहेर उन्हात उभी होती. गाभण होती, म्हणून पोट तेवढं दिसत होतं. बाकी नुसती हाडं.

पावणेपाचला लाईट आली. किती वेळ टिकेल याचा नेम नव्हता. जमीलची वाट बघण्यात अर्थ नव्हता. मागच्या आठवड्यात बबनरावांनी अंदाजानं तारीख टाकली होती आणि तालुक्याच्या साहेबानं भर बैठकीत त्यांची अब्रू काढली होती. आज त्यांनी चष्मा पुसला, भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या दत्ताला नमस्कार केला आणि त्यावर बघून एकेक आकडा टाकला. तारीख, महिना, साल.

कॉम्प्युटरनं मुकाट्यानं नोंद घेतली. पावती बाहेर आली.

"झालं, आक्का! घाला गाईला चारा." बबनरावांचा जीव भांड्यात पडला.

भिवराबाईनं पावती कपाळाला लावली आणि गाय घेऊन चाऱ्याच्या गंजीकडं गेली. थोड्या वेळानं ती तशीच परत आली. चारा वाटणाऱ्यानं दिला नव्हता. तेवढ्यात जमीलही पोचला. त्यानं तिच्या हातातली पावती वाचली.

"काका, ह्ये तर गेल्या सालच्या छावणीचं हाय."

बबनरावांनी कॅलेंडरकडं पाहिलं. नव्या कॅलेंडरवर नुसती खताची जाहिरात होती. देवाला मागं कसं टाकायचं, म्हणून त्यांनीच जानेवारीत जुनं पुढं ठेवून नवं त्याच्या मागं अडकवलं होतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जमीलनं सेल बसवला. घड्याळ बिनचूक चालू लागलं. पाच वाजून बारा मिनिटं. यादी बंद.

बबनरावांनी तालुक्याला फोन लावला. फोन खांद्यानं कानाशी दाबून, हात जोडून बोलले, जणू साहेब समोरच होता. मग फोन खाली ठेवला.

"काय म्हन्ले?" भिवराबाईनं विचारलं.

"म्हन्ले, नोंद पक्की झालीय, आता बदलत न्हाई. तुमच्या गाईनं गेल्या साली छावणीत खाल्लंय."

"खाल्लंय?"

"कागदावर तसंच हाय, आक्का."

भिवराबाई रडली नाही, भांडलीही नाही. तिनं पावती गाईच्या तोंडापुढं धरली.

"बघ बाई. तुझं खाऊन झालंय म्हंतेत."

गाईनं मान पुढं केली, पावती तोंडात धरली आणि डोळे मिटून चघळू लागली.