नीना म्हणून हाक

अक्षयानं अजून कोटही काढला नव्हता, तोच केअर होमची मॅनेजर ग्लेनिस तिला ऑफिसात घेऊन गेली आणि दार लावून म्हणाली, की पुरुषोत्तम काळ्यांचं काय ते आज ठरवायला हवं.

अक्षया नर्स प्रॅक्टिशनर होती. वॉटफर्डच्या आसपासच्या केअर होम्समध्ये गाडी घेऊन फिरायची, तिथल्या वृद्धांना तपासायची, औषधं लिहून द्यायची. या होममध्ये मात्र ती पहिल्यांदाच येत होती. आधीची नर्स नोकरी सोडून गेली होती.

ग्लेनिसनं सगळं सांगितलं. पुरुषोत्तमराव एकटेच राहायचे. हिवाळ्यात घरात तापानं पडलेले सापडले. इन्फेक्शन अंगभर पसरलं होतं. हॉस्पिटलमध्ये ते कुणालाच ओळखेनात. तिथे त्यांच्या नावापुढे स्मृतिभ्रंश असा शेरा पडला आणि तिथून ते थेट इथे आले. इथे सुनीती आपटे नावाच्या बाई आधीपासून राहत होत्या, खुब्याचं हाड मोडल्यामुळे. पुरुषोत्तमरावांनी त्यांना पाहिलं आणि नीना म्हणून हाक मारली. नीना ही त्यांची वारलेली बायको. तेव्हापासून सुनीतीबाई त्या हाकेला ओ देत होत्या.

गेल्या रविवारी पुरुषोत्तमरावांची मुलगी चैत्राली मँचेस्टरहून आली आणि तिनं हे डोळ्यांनी पाहिलं. आता तिला वडिलांना आपल्याजवळ न्यायचं होतं. तिथल्या एका होममध्ये स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी वेगळा, कुलूपबंद विभाग होता. अक्षयानं तसं लिहून दिलं की काम होणार होतं.

अक्षयानं चैत्रालीला फोन लावला. ती इंग्लंडमध्येच जन्मलेली, मराठी जरा अडखळत बोलायची.

“ती बाई माझी आई नाहीये,” ती म्हणाली. “बाबांना कळत नाही, ओके. पण तिला तर कळतं ना?”

अक्षयाला ते पटलं. थोड्या रागातच ती लाउंजमध्ये गेली. दोघं खिडकीपाशी बसली होती. पुरुषोत्तमराव संत्रं सोलत होते, एकेका फोडीवरचे धागे काढून समोरच्या बशीत ठेवत होते.

“नीना, शाल घे. खिडकीतून वारा येतोय.”

“अहो, नको. हीटिंग चालू आहे,” सुनीतीबाई म्हणाल्या, आणि तरी त्यांनी शाल घेतली.

ब्लड प्रेशर बघायच्या निमित्तानं अक्षयानं सुनीतीबाईंना त्यांच्या खोलीत नेलं. मग सरळच विचारलं, की काकू, हे तुम्ही का करता?

सुनीतीबाईंनी ते टाळलं नाही. सुरुवातीला त्यांनी पुरुषोत्तमरावांना समजावून पाहिलं होतं, की मी नीना नाही, नीना आता नाही. तेव्हा ते लहान मुलासारखे रडले. दुसऱ्या दिवशी सगळं विसरून पुन्हा नीना म्हणाले. पुन्हा सांगितलं, पुन्हा रडले.

“त्यांची बायको रोज नव्यानं मरत होती गं,” सुनीतीबाई म्हणाल्या. “आणि ती बातमी द्यायला मीच. मग म्हटलं, आपलं काय जातंय?”

त्या ईलिंगच्या शाळेत गणित शिकवायच्या. लग्न केलं नव्हतं. अहो म्हणायची वेळ या वयात आली, असं सांगून त्या जराशा हसल्या. पण मँचेस्टरचं नाव निघताच चेहरा उतरला. तिथे गेल्यावर ते नीनाला शोधत बसतील, आणि त्या परक्या जागी त्यांना कोण ओ देणार, एवढंच त्या म्हणाल्या आणि बाही खाली ओढू लागल्या.

अक्षयाचा राग केव्हाच निवला होता. यांना हलवू नये, या सोबतीनं रुग्णाला शांतता मिळते, असं लिहायचं तिनं मनाशी ठरवलं. चैत्रालीला काय सांगायचं तेही जुळवलं. आता पुरुषोत्तमरावांना एकदा तपासलं की झालं.

ते आपल्या खोलीत येऊन बसले होते. तिनं छाती तपासली, पाय दाबून सूज पाहिली. मग नेहमीचे प्रश्न मराठीतून विचारले. महिना कोणता, आपण कुठे आहोत, इथे कसे आलात. हॉस्पिटलनंतर हे प्रश्न त्यांना कुणी विचारलेच नव्हते. शेरा होता, मग विचारायचं कशाला?

पुरुषोत्तमरावांनी महिना सांगितला, होमचं नाव सांगितलं. ताप आला होता, त्यातलं काही आठवत नाही, म्हणाले. तिनं शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं. ते न अडखळता खाली उतरत गेले, शेवटी तिनंच थांबवलं.

अक्षयानं खुर्ची जवळ ओढली.

“काका, घरी कोण कोण असायचं?”

“मी आणि नीना. ती गेली त्याला नऊ वर्षं झाली. मग मी एकटाच.”

अक्षयानं सुनीतीबाईंच्या खोलीच्या दिशेनं नुसतं पाहिलं. पुरुषोत्तमरावांच्या ते लक्षात आलं. ते काठी टेकत उठले, दार नीट लागलंय याची खात्री केली आणि आवाज उतरवून बोलू लागले.

“इथे आलो तेव्हा तापाच्या भ्रमातच होतो, त्यात मी त्यांना नीना म्हटलं असणार. बरा झालो तेव्हा सुनीतीबाई म्हणून हाक मारली, तर म्हणतात कशा, अहो, मी नीना. बिचारीला स्वतःचं नावही आठवत नाही. तेव्हापासून मी नीनाच म्हणतो. मुलगी मँचेस्टरला चला म्हणते, पण मी गेलो तर यांना सांभाळून कोण घेणार? तू त्यांना काही बोलू नकोस हं.”