मालकाचा हात

"हात कोणाचो घेवचो?" हरिश्चंद्र मेस्त्रीनं विचारलं आणि बांबूची लांब कामटी जमिनीवर आडवी ठेवली.

"कोणाचो म्हंजे? मालकाचो," हौसाबाई म्हणाली.

मालक म्हणजे हौसाबाईचा मुलगा परशुराम. मंगळूरहून कौलं भरून येणाऱ्या शिडाच्या पडावावर तो खलाशांचा तांडेल होता. एका खेपेला पडाव आला नाही, कौलं आली नाहीत, माणसंही आली नाहीत. त्यानंतर दोन नारळी पौर्णिमा गेल्या आणि गावानं विषय मिटवला. हौसाबाईनं मिटवला नाही. सुनेच्या कपाळाला कुंकू ती रोज सकाळी स्वतःच्या हातानं लावायची. मथुरा मान पुढे करायची आणि लावून घ्यायची.

घर गेल्या वादळात बसलं होतं. तेव्हापासून सासूसुना गोठ्यात गाईशेजारी निजत होत्या. घर पाहावं बांधून म्हणतात, पण इथं फणसाचं लाकूड कापून तयार, चिरे रचून तयार, आणि काम अडलं होतं ते हातभर मापावर. मेस्त्रीची रीत बापापासूनची. मालकाच्या कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत कामटी कापायची आणि मग खांब, वासे, चौकटी, सगळं त्या कामटीनं मोजायचं. ज्याचा हात त्याचं घर. त्याच्याकडे फूटपट्टीही होती, पण ती तो शाळेच्या बाकांना वापरायचा. घराला नाही.

"तो येयपर्यंत थांब," हौसाबाई म्हणाली.

"काकी, उद्या माका धामापुराक कामार जावचा आसा. आज माप झाला नाय तर मगे दिवाळी."

दिवाळीच्या आधी अख्खा पावसाळा होता. मथुरानं गोठ्यातल्या गाभण गाईकडे पाहिलं.

"आये, गाय व्याक झाली," ती म्हणाली. "गोठ्यात ती रवतली की आपण?"

हौसाबाई गोठ्यात गेली, पेटी उघडल्याचा आवाज आला, आणि ती परशुरामची पैरण घेऊन आली. गणपतीत घालायची, पांढरी. तिनं ती मेस्त्रीसमोर पसरली.

"हेच्यार घे माप."

मेस्त्रीनं नाइलाजानं बाही कामटीवर ठेवली. कोपराशी कापड जरा झिजलं होतं, त्यामुळे सुरुवात सापडली. पण बाही मनगटाशी संपली. पुढचा हात पैरणीत राहत नाही.

"बोटां लांब होती तेची," हौसाबाई म्हणाली. "इतकी." तिनं मनगटाच्या पुढे आपली वीत ठेवली. मग जरा पुढे सरकवली. मग मागे घेतली.

"काकी, हंय एका बोटाचो फरक पडलो तर घरभर पडता."

"गो मथुरे, तू सांग. तुका ठावक आसतला."

मथुरा खाली बसली. बाहीच्या टोकाकडे बघत राहिली. त्या हातावर तिनं भाकरी ठेवली होती, तंबाखू ठेवली होती. तो हात रात्री तिच्या पाठीवर असायचा. हात आठवायला गेली तर काथ्याचा वास आठवला, अंगठ्यावरची दोराची जुनी खूण आठवली. बोटं कुठपर्यंत यायची ते काही आठवेना. तिला वाटलं, आता आपल्याला रडू येईल. ती थोडी थांबली. आलं नाही. आपण नवऱ्याचा हात विसरलो आणि आपल्याला काहीच वाटत नाही, एवढंच तिला कळलं. तेही दुसऱ्या कोणाबद्दल कळावं तसं.

तिनं पैरण उचलून बाजूला ठेवली आणि कामटीवर आपला हात ठेवला. कोपर टेकवलं, बोटं सरळ केली.

"हेचा घेवा."

"गो, ता घर तेचा!" हौसाबाई ओरडली. "तुजो हात कसो चलात? उद्या तो इलो मगे?"

मथुरानं हात काढला नाही.

मेस्त्री दोघींच्या मधे अवघडून बसला होता. कोयता त्याच्या हातात होता, पण बाईच्या हाताचं माप त्यानं आजवर घेतलं नव्हतं. चूक कोणाचीच नाही आणि बोल मात्र आपल्यालाच लागणार, हे त्याला दिसत होतं.

"वैनीनू," तो हळू म्हणाला, "बायलमाणसाचो हात आखूड. घर बारीक होयत ता होयत, पण चौकटी ठेंगण्यो येतल्यो. पुरुष माणसाक आत येताना वाकाचा लागतला."

मथुरा तशीच बसून होती. तिच्या मनगटातल्या बांगड्या कामटीला टेकल्या होत्या.

"माझो झील कधी कोणाफुडे वाक..." हौसाबाईनं सुरुवात केली आणि ती थांबली. तिनं सुनेच्या हाताकडे पाहिलं. मग न बांधलेल्या घराकडे, जिथे अजून एक खांबही उभा नव्हता, तिथे ती बराच वेळ बघत राहिली. मेस्त्रीला वाटलं, म्हातारी आता आपल्याला घालवून देणार.

"रवतला कोण? आमी दोगीच," हौसाबाई म्हणाली. "दोगीय बुटक्यो. काप तू."