साइटची नवी बटणं

"टाका ही रायफल विकून!" मी चिडूनच म्हणाले. तिच्यावरच्या, भोकातून नेम धरायच्या जुन्या पीप साइटची चिमुकली बटणं फिरवल्याशिवाय नेम जुळत नाही, आणि संधिवाताने सुजलेल्या माझ्या बोटांनी ती धरवत नाहीत.

"आण इकडे," म्हणत आमचे हे स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसले.

रविवारी नेमबाजीच्या रेंजवर पाहते तर साइटवर मोठी, दातेरी बटणं! बोट लावताच फिरली. शेवटची गोळी थेट मधोमध लागली आणि कॉलेजच्या पोरींनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

मिरवतच घरी आले, तर रेडिओवर बोंडअळीचं व्याख्यान चाललेलं आणि हे निमूट ऐकत बसलेले. "अहो, गाणी लावा की!"

यांनी खिशातून पक्कड काढली, रेडिओची बटणाविना उघडी पडलेली दांडी पकडीत धरली आणि विचारलं, "बोल, कुठलं स्टेशन?"