समुद्राकडचं दार

"दार उघडू नका!" प्राध्यापक शाल्मली तोडणकर ओरडल्या. वादळी वाऱ्यांवर संशोधन करण्यात त्यांची हयात गेली होती. किनाऱ्यावरच्या शाळेचं छप्पर तपासायला त्या आल्या आणि चक्रीवादळ अंदाजाआधीच धडकलं. गावकऱ्यांसोबत त्याही आत अडकल्या.

समुद्राकडच्या दारावर बाहेरून कुणीतरी धपाधप थापा मारत होतं.

"माझी सून हाय ती!" चांगुणाबाई कडीकडे झेपावल्या.

"हे दार उघडलं तर वारा आत घुसून छप्पर उडवेल. सगळेच मरू."

"मंग तिला मरू देऊ?"

आयुष्यभर शाल्मलीताईंनी प्रयोगशाळेत फक्त पंख्यांचा वारा मोजला होता. त्यांनी कमरेला दोर बांधला, दुसरं टोक चांगुणाबाईंच्या हाती दिलं. "मागच्या दाराने जाते. तिकडे वारा कमी आहे."

भिंतीला धरून रांगत त्या कोपऱ्यापर्यंत पोहोचल्या. वळताच वाऱ्याने त्यांना आडवं पाडलं. चिखलात पडूनच त्यांनी समुद्राकडच्या दाराकडे हात लांबवला. एका थंडगार हाताने तो पकडला.

गावकऱ्यांनी दोर ओढून दोघींना आत घेतलं आणि मागचं दार बंद झालं. छप्पर करकरत होतं, पण शाबूत होतं. सुनेला कुशीत घेऊन चांगुणाबाईंनी शाल्मलीताईंचा चेहरा पदराने पुसला.

"भ्यालात काय, मॅडम?"

"फार," त्या म्हणाल्या.