गारवा

पस्तिशी उलटलेल्या जगदीशने शिरपूरजवळच्या आपल्या गावात परदेशी पाली पाळून विकायचा उद्योग मांडला, तेव्हा लोक म्हणाले, बायको मिळेना म्हणून याने पाली घरात आणल्या. हसणाऱ्यांतले निम्मे स्वतःच बिनलग्नाचे होते. मुलगी बघायला जावं तर कुठे, हेच गावात कुणाला कळत नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यातल्या अंड्यांतून सगळे नरच निघाले होते. यंदाही पालीने ऐन चैत्रात दोन अंडी घातली आणि जगदीशने कपाळाला हात लावला.

"गरमीमा अंडी पडनात तर बठ्ठा नरच निंघतस, माय. मादी पाहिजे तर गारवा लागस."

त्याची आई, सुनंदाबाई, बराच वेळ त्या अंड्यांकडे बघत राहिली. मग उठून तिने आपल्या खाटेजवळचा कूलर ओढत आणला आणि त्याचं तोंड अंड्यांच्या पेटीकडे फिरवलं.

"अवं माय, इतला उकाडामा तुले झोप लागाव नई."

 

"मले तशीबी लागत नई रे. तुन्हा आधी दोन पोरी व्हत्यात, त्यास्ले आम्ही पोटमाच मारं."