चार ग्रॅम आठशे मिलिग्रॅम

सराफा बाजारात गुरुप्रसादच्या पेढीवर, ज्या काट्यावर रोज सोनं चढायचं, त्या काट्यावर त्या दुपारी तांदूळ चढला. निवडणुकीच्या भरारी पथकाच्या जीपमधला काटा पोती तोलणारा. सीमंतिनीबाईंची वाटी त्यावर ठेवली तर तो ढिम्म हलेना. पंचनाम्यात वजन शून्य लिहायचं, तर मग जप्त काय केलं? म्हणून वाटी, वाटीच्या मालकीण आणि त्यांच्या शेजारीण उषाताई, अशी सगळी वरात थाटीपुराहून जीपमधून इथे आली होती.

तक्रार साधी होती. विधानसभेच्या अपक्ष उमेदवार सीमंतिनीबाई मतदारांना तांदूळ वाटताहेत. तक्रार कोणी केली हे गुप्त होतं, म्हणजे अख्ख्या थाटीपुराला ठाऊक होतं.

"चार ग्रॅम, आठशे मिलिग्रॅम," गुरुप्रसाद म्हणाला. चेहरा असा, की समोर नवरीचा हारच आहे.

पथकाचे प्रमुख तोमर साहेब लिहू लागले. जन्म मराठी शेजाऱ्यांत गेलेला. मराठी सगळी कळायची, बोलायचे मात्र हिंदी. "तो माताजी, ये चावल..."

"माताजी नहीं, प्रत्याशी कहिए," सीमंतिनीबाई म्हणाल्या. "आणि गुरुप्रसाद, नुसतं वजन नको. दाणे मोज."

उषाताईंनी त्यांना कोपर मारलं. "अहो बाई, सहाला प्रचार बंद होतो! अडीच वाजलेत. कशाला टाइम खराब करता?"

"मोजणी चुकली म्हणून तर उभी राहिलेय मी."

ते खरं होतं. संपत्तीकराच्या नोटिशीत त्यांच्या तुळशीवृंदावनाला दुकान धरलं होतं. परत मोजा म्हणून त्या इतक्या वेळा गेल्या, की त्या कचेरीतला पंखासुद्धा त्यांना ओळखू लागला. मोजायला कोणी आलं नाही. शेवटी छत्तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईंनी अर्ज भरला.

गुरुप्रसादनं चिमट्यानं दाणे मोजले. "दोनशे चाळीस."

"बरोबर. एकशेवीस क्वार्टर, घरटी दोन." बाईंनी वही उघडून दाखवली. "मागच्या ओळीतले. लाल फुली मारलेले."

ते सरकारी क्वार्टर पाडायचे ठरले होते. पाडल्यावर माणसांनी जायचं कुठे, ते अजून ठरायचं होतं. तेवढंच विचारायला बाईंना भोपाळला, विधानसभेत, जायचं होतं.

पथकातल्या कॉन्स्टेबलला राहवेना. "मैडम, साहब भी तो वहीं रहते हैं। सैंतीस नंबर।"

"चुप!" तोमर साहेब कडाडले. मग कागदात डोकं घालून म्हणाले, "चावल बाँटने का उद्देश्य?"

"आमंत्रण. लग्नाला अक्षत देऊन बोलावतो ना, तसं मतदानाला बोलावतेय. तांदळाला कुंकू लावलंय, दिसतंय ना? याचा भात कोण करणार?"

"और जो न्योता लेकर भी न आए?"

"न येऊन सांगतो कोणाला?" आता उषाताईंना टाइमचं भान राहिलं नाही. "माझ्या लग्नाला इंदूरचे एक काका आले होते. पाय मोडलेला. खाटेसकट आले! खाट रेल्वेच्या डब्यात शिरेना, तर टीसीनं स्वतः दार उचकटलं. का? तर हातावर अक्षत पडली होती. परत जाताना खाट इथेच राहिली, काका चालत गेले."

कॉन्स्टेबल हसला. तोमर साहेब हसले नाहीत. दाण्यांचा ट्रे त्यांच्यासमोर होता, तिकडे ते बघत राहिले.

मग त्यांनी वरिष्ठांना फोन लावला. "सर, चार ग्राम... नहीं सर, किलो नहीं। ग्राम।" फोनमधून हसण्याचा असा स्फोट झाला, की शेजारच्या पेढीवरचं गिऱ्हाईक डोकावून गेलं. तोमर साहेबांचे कान कुंकवासारखे झाले. "छोड़ना है," ते म्हणाले. "ले जाइए।"

उषाताई वाटी घेऊन उठल्यासुद्धा. सीमंतिनीबाई बसूनच राहिल्या. "मोजून घेतलेत, मोजून द्या."

घड्याळात सव्वातीन. गुरुप्रसादनं सुस्कारा सोडून पुन्हा चिमटा उचलला. या वेळी तो शेवटाला येऊन थांबला. ट्रे उचलून खाली पाहिलं, बाह्या झटकल्या.

"दोनशे एकोणचाळीस."

सरकारी ताब्यातला एक दाणा गहाळ झाला होता.

तोमर साहेब उजव्या हातानं कागद सारखे करत होते. डावी मूठ गुडघ्यावर होती, घट्ट मिटलेली. बोटांच्या फटीत किंचित लाल.

सीमंतिनीबाईंनी मुठीकडे पाहिलं. मग चष्मा नीट केला, पावती ओढून घेतली आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: दोनशे चाळीस दाणे परत मिळाले. खाली सही केली.

"अहो, पण एक..." उषाताई म्हणाल्या.

"मोजणी बरोबर आहे."

त्यांनी वहीत सदतीस नंबरपुढे बरोबरची खूण केली, गणिताच्या वहीत करत तशी, शेपूट लांब ओढून. उठता उठता वाटीतून एक दाणा चिमटीत घेतला आणि तोमर साहेबांसमोर काट्यावर ठेवला.

"घरटी दोन," त्या म्हणाल्या. "चला उषाताई, एकशे एकोणीस राहिले."

दोघी पायऱ्या उतरून रिक्षाला हात करू लागल्या. काट्यावर आकडा उमटला: ०.०२०. पंचनाम्याचा कागद उघडा होता, पेन हातात होतं. तोमर साहेबांनी तो आकडा कुठेच लिहिला नाही.