तिसरा कप्पा

२००८ साल होतं. बुधवारी सकाळी सून मुलीला शाळेत सोडून आली आणि रॅकसमोर उभीच राहिली. पाच कप्प्यांत पाच ट्रे होते, पण तिसऱ्यातला ट्रे पाचव्यात गेला होता आणि पाचव्यातला तिसऱ्यात.

“आई, याला हात लावू नका म्हटलं होतं ना?”

“धूळ बसली होती गं.” सासूच्या हातात फडकं होतंच. “पुसायला काढले नि ठेवताना घोळ झाला. तुझी ही मांडणी म्हणजे माझी भांड्यांची मांडणी नव्हे, हे ध्यानातच राहत नाही. वय झालं आता.”

सून बरंच बोलली. सासूने ऐकून घेतलं.

कारणही तसंच होतं. प्रत्येक ट्रेवर नवजात बाळांना ऊब देणाऱ्या पेटीचं एक सर्किट होतं. ते सलग चालवायचं आणि मध्येच बंद पडतं का ते टिपायचं, हे सुनेचं काम. कंपनी दूरच्या शहरात होती. हा छोटा रॅक तिने घरातच उभा केला होता, एकेक स्क्रू स्वतः पिळून. चार कप्पे बिनबोभाट चालत. तिसऱ्यातलं सर्किट मात्र बंद पडे. ते बदलून दुसरं बसवलं, तेही पडलं. मग तिसरंही. घरात जेवताना रोज तोच विषय. शुक्रवारी अहवाल द्यायचा होता आणि त्यात लिहिण्यासारखं एकच होतं : रचना कच्ची आहे, रद्द करावी. ती रचना दादांची. कंपनीतले सगळ्यात जुने इंजिनियर, निवृत्तीला चार महिने उरलेले, सहा वर्षं त्या पेटीपायी घातलेली. सुनेला हे काम शिकवलं तेही त्यांनीच.

ट्रे पुन्हा हलवण्यात आणखी वेळ मोडला असता. कपाळाला हात लावून तिने होतं तसंच सुरू केलं.

शुक्रवारी सकाळी पाहिलं तर तिसरा कप्पा बंद. पण आता त्यात ते सर्किट होतं, जे तीन आठवडे पाचव्या कप्प्यात एकदाही कुरकुरलं नव्हतं. आणि वाया गेलं म्हणून तिने ज्याची आशा सोडली होती, ते पाचव्यात खुशाल चाललं होतं. तिने रॅक भिंतीपासून ओढला. तिसऱ्या कप्प्यामागच्या सॉकेटचा स्क्रू तिने स्वतःच अर्धवट पिळला होता. वायर आत नुसती टेकलेली होती.

ती स्वयंपाकघराच्या दारात आली.

“आई, खरं सांगा. धूळ होती का?”

सासू भाजी निवडत होती. “चौतीस वर्षं नर्स होते मी. एकाच खाटेवर लागोपाठ तिघांना ताप आला, की आम्ही पेशंटची खाट बदलून बघायचो.”

“मग सरळ सांगायचंत. उगाच बोलणी खाल्लीत.”

“तुझ्या हातच्या कामात सासूने खोट काढायची? त्यापेक्षा तुझी बोलणी परवडली. ती दोन दिवसांत विसरतात.”

दादांची पेटी पास झाली. ते निवृत्त होऊन बहिणीकडे राहायला गेले आणि तिथल्या दवाखान्यात त्यांनी ती चालू असलेली डोळ्यांनी पाहिली. सून पुढे कंपनीच्या चाचणी विभागाची प्रमुख झाली. मुलीला यंत्रांचं वावडंच निघालं. ती लहान मुलांना पोहायला शिकवते. सासू त्या शुक्रवारनंतर सात वर्षांनी गेली, कोणाला फारसं उठबस करायला न लावता.

रॅकची खोली मुळात तिचीच होती. सुनेला कामाला जागा हवी होती, तेव्हा “मला हॉलमध्येच वारा चांगला लागतो” म्हणत तिने आपणहून पलंग बाहेर नेला होता. ती गेल्यावर एका दुपारी सून त्या पलंगावर पहिल्यांदा आडवी झाली. हॉलमध्ये वाऱ्याची झुळूकही येत नव्हती.